निगेटिव्ह आणि स्लाइड घरच्या घरी स्कॅन करताना

निगेटिव्ह स्कॅन करण्यात खरा वेळ जातो तो धुळीपायी. ३५ मिमी फिल्मवरची एक फ्रेम २४ × ३६ मिलिमीटरची असते. ती मॉनिटरवर दीड फूट रुंद दिसू लागली की साधारण साडेबारापट मोठी झालेली असते. फिल्मवरचा दशांश मिलिमीटरचा कण तेव्हा सव्वा मिलिमीटरचा पांढरा ठिपका होऊन बसतो, आणि असे शंभर ठिपके एकेक करून पुसायला अर्धा तास सहज लागतो. ब्लोअरने तोच कण अर्ध्या सेकंदात उडाला असता. म्हणून इथे सॉफ्टवेअरइतकाच भर स्कॅनच्या आधीच्या कामावर दिला आहे.

आधी फिल्म ओळखा

रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते. स्लाइडवर चित्र सरळ, खऱ्या रंगांत असतं. कृष्णधवल निगेटिव्हची पट्टी करडी असते. हा फरक महत्त्वाचा, कारण स्कॅनरमधली इन्फ्रारेड स्वच्छता, जिला बहुतेक जण 'डिजिटल आइस' म्हणतात, सगळ्या फिल्मवर चालत नाही. रंगीत फिल्ममधलं चित्र रंगद्रव्यांचं बनलेलं असतं आणि इन्फ्रारेड प्रकाश त्यातून जवळजवळ आरपार जातो. धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यामुळे स्कॅनरला फक्त घाणीचा वेगळा नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा तो आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. स्कॅनर मग चित्रालाच घाण समजून पुसू लागतो. कृष्णधवल फिल्मसाठी हा पर्याय बंद ठेवा. इलफर्ड एक्सपी२ सारखी, रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म याला अपवाद आहे, कारण तिच्यातही शेवटी रंगद्रव्यच उरतं.

कोडाक्रोम स्लाइड हा तिसरा प्रकार. तिरप्या उजेडात धरली तर इमल्शनच्या, म्हणजे चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या, बाजूला चित्राचा हलका उठाव दिसतो. तिच्यातलं निळसर-हिरवं रंगद्रव्य इन्फ्रारेड काही प्रमाणात अडवतं, त्यामुळे आइस लावल्यावर गडद भागांतल्या कडा विरघळल्यासारख्या होतात. स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोमसाठी वेगळी सोय असेल तरच आइस वापरा.

दोन गोष्टींपासून सावध राहा. पाकीट उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा अॅसिटेट पाया, म्हणजे इमल्शनखालचं प्लास्टिक, कुजायला लागला आहे. ती फिल्म इतरांपासून वेगळी ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण पुढे ती आक्रसते, वाकते आणि सपाट होत नाही. दुसरी गोष्ट १९५० च्या सुमारापूर्वीच्या फिल्मची. कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेट असू शकते. नायट्रेट भडकन पेट घेते. ती गरम दिव्याजवळ नेऊ नका, घरी स्कॅन करू नका, अभिलेखागारातल्या जाणकाराला दाखवा.

कोणतं साधन?

तीन वाटा आहेत: फिल्मसाठी वरचा दिवा असलेला फ्लॅटबेड, फक्त फिल्मचा स्कॅनर, किंवा मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात किती बिंदू) लिहिलेलं असलं तरी खरा तपशील त्याच्या अर्ध्याहूनही कमी मिळतो. १२० या रुंद फिल्मला तेवढा पुरतो. ३५ मिमीसाठी आमचा कल फिल्म स्कॅनर किंवा कॅमेऱ्याकडे आहे. रंगीत फिल्म जास्त आणि ओरखड्यांची असेल तर इन्फ्रारेड असलेला फिल्म स्कॅनर सगळ्यात कमी त्रासाचा. शेकडो फ्रेम वेगाने उरकायच्या असतील किंवा बरंचसं काम कृष्णधवल असेल तर कॅमेरा उत्तम.

डीपीआय किती, याचं उत्तर सोप्या गणितात आहे. ३६ मिलिमीटर म्हणजे १.४२ इंच. २४०० डीपीआयला सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. पडद्यावर पाहायला आणि ८ × १० इंची प्रिंटला ते पुरे. ४००० डीपीआयला ५६७० × ३७८० पिक्सेल, म्हणजे २१ मेगापिक्सेल. त्यापुढे नेहमीच्या फिल्ममध्ये बहुतेक वेळा फक्त ग्रेन, म्हणजे फिल्मचा कणकणीतपणा, मोठं होतं. १६ बिट प्रति चॅनेल रंगीत टिफ ४००० डीपीआयला सुमारे १३० एमबीची होते, तेव्हा डिस्कवरची जागा आधीच मोजून ठेवा.

स्वच्छता

पंखा बंद करा, टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या. लोकरीचे कपडे टाळा. फिल्म कडेने धरा, हातात धागे न सुटणारे सुती मोजे घाला. आधी रबरी ब्लोअर, दोन्ही बाजूंनी, फिल्म उभी धरून, म्हणजे उडालेला कण परत तिच्यावर बसत नाही. मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रश, एकाच दिशेने. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे सूक्ष्म थेंब जिलेटिनवर डाग पाडतात. दाबाखालच्या हवेचा डबा तिरका झाला तर त्यातून द्रव बाहेर पडतो, म्हणून ब्लोअरच बरा.

बोटांचे ठसे आणि चिकट डाग ब्रशने निघत नाहीत. त्यासाठी ९८ ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा फिल्म क्लीनर घ्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं, ते वाळताना डाग सोडतं. द्रव फिल्मवर ओतू नका. धागे न सोडणाऱ्या पॅडवर दोन-तीन थेंब घ्या आणि हलक्या हाताने लांबीच्या दिशेने एकदाच ओढा. घासू नका. पॅडची वापरलेली बाजू परत लावायची नाही. आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या फ्रेमच्या कोपऱ्यावर करून पाहा, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

बुरशी आलेल्या फिल्मला पाणी लावू नका. बुरशी जिलेटिन खाते आणि उरलेलं पाण्यात विरघळणारं करून सोडते. पाणी लागलं की चित्र सरकू शकतं. रंगीत फिल्मही उगाच पाण्यात भिजवू नका, तिच्या धुलाईच्या शेवटी दिलेलं स्टॅबिलायझर निघून जातं. गुंडाळलेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस ठेवल्या की बऱ्याच सरळ होतात. कडक झालेल्या जुन्या फिल्मला उलट बाजूला वाकवून सरळ करायला जाऊ नका, ती तडकते.

स्लाइड काचेच्या माउंटमध्ये असेल तर काच काढा. दोन काचांना मिळून चार बाजू आहेत, म्हणजे धुळीची घरंही चार, आणि न्यूटन रिंग (काचेवरची इंद्रधनुषी वर्तुळं) वेगळ्या.

फ्लॅटबेड आणि फिल्म स्कॅनरच्या सेटिंग

चकचकीत बाजू पायाची, थोडी मळकट बाजू इमल्शनची. फ्लॅटबेडवर साधारणपणे पायाची बाजू खाली ठेवतात, म्हणजे वरून पाहताना अक्षरं उलटी दिसतात आणि स्कॅन सरळ येतो. होल्डरच्या काचेवर इंद्रधनुषी वर्तुळं दिसली तर त्या न्यूटन रिंग आहेत, कारण चकचकीत पृष्ठभाग काचेला जवळजवळ टेकला आहे. उपाय अँटी-न्यूटन काच, किंवा फिल्म उलटी ठेवून नंतर चित्राची डावी-उजवी बाजू अदलाबदल करणं.

फ्लॅटबेडचा फोकस बहुधा पक्का ठरलेला असतो, पण होल्डरची उंची त्याच्याशी जुळेलच असं नाही. ग्रेन स्पष्ट असलेली एक फ्रेम घ्या, होल्डरच्या चारही पायांखाली कागदाचे तुकडे घालून उंची थोडी थोडी वाढवत पाच-सहा स्कॅन करा आणि १०० टक्के आकारात तुलना करा. ग्रेन सगळ्यात टोकदार दिसेल ती उंची कायम ठेवा. इतक्या कमी श्रमात फ्लॅटबेडचा दर्जा दुसऱ्या कशाने वाढत नाही.

शार्पनिंग बंद, ग्रेन कमी करण्याचा पर्याय बंद, रंग पुन्हा उजळवण्याचा पर्याय बंद. ४८ बिट रंगीत किंवा १६ बिट ग्रे निवडा. ८ बिटमध्ये निगेटिव्ह स्कॅन करू नका. निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो, सगळा तपशील हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजळ-गडद पिक्सेलच्या आलेखाच्या, छोट्या पट्ट्यात कोंबलेला असतो. तो ताणला की ८ बिटमध्ये आकाशात पायऱ्या दिसू लागतात. स्लाइडचा प्रश्न उलटा आहे. तिची घनता, म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप, ३.५ च्या वर जाते, म्हणून गडद भागांत स्कॅनरचा नॉइज दिसतो. मल्टी-एक्सपोजर (एकच फ्रेम वेगवेगळ्या एक्सपोजरने पुन्हा स्कॅन करणं) असेल तर तो स्लाइडसाठीच राखून ठेवा, निगेटिव्हला सहसा त्याची गरज पडत नाही.

आइस 'लाइट'वर सुरू करा. आणखी जोर लावला तर पापण्या, दोऱ्या, जाळ्या अशा बारीक गोष्टी बिघडतात. प्रत्येक स्कॅनला वेळही बराच जास्त लागतो.

कॅमेऱ्याने

या पद्धतीत चार गोष्टी सांभाळायच्या: समांतरपणा, प्रकाश, स्थिरता आणि झिरपणारा उजेड.

समांतरपणासाठी फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब पाहा. ते फ्रेमच्या बरोबर मध्यभागी आलं म्हणजे सेन्सर आणि फिल्म समांतर आहेत. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही कसोटी खरी, कारण टेबल आणि कॅमेरा वेगवेगळ्या कोनात असू शकतात.

प्रकाशासाठी ९५ किंवा जास्त सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) एलईडी पॅनेल घ्या. मोबाइलच्या पडद्यावर काम भागवलं जातं, पण त्याचे पिक्सेल जाळीसारखे दिसतात आणि त्याचा वर्णपट रंगीत निगेटिव्हला साजेसा नसतो. पॅनेल कोणतंही असो, फिल्म त्यापासून ३ ते ५ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसबाहेर राहते. फ्रेमभोवतीचं पॅनेल काळ्या कागदाने झाका आणि खोलीतले दिवे घालवा. हा बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला की निगेटिव्ह धुरकट होते आणि नंतर रंग जुळवताना त्याचं कारण सापडत नाही.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याला १:१ मॅग्निफिकेशन (सेन्सरवर फ्रेम मूळ आकाराएवढी) हवं, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला सुमारे ०.६५ पुरतं. छिद्र एफ/८ ठेवा. १:१ ला छिद्र प्रत्यक्षात दोन स्टॉप लहान वागतं, एफ/८ म्हणजे जवळजवळ एफ/१६. एफ/११ च्या पलीकडे गेलात तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, ग्रेन मऊ होतं. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून, ग्रेनवरच. आयएसओ मूळचा, बहुधा १००. दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक पहिला शटर असेल तर चालू. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद.

एक्सपोजर मॅन्युअल ठेवा आणि संपूर्ण रोलला एकच वापरा. ऑटोने प्रत्येक फ्रेमची चमक आणि रंग वेगळे येतात, आणि मग प्रत्येकीला स्वतंत्रपणे जुळवावं लागतं. निगेटिव्हमधला सगळ्यात उजळ भाग म्हणजे चित्र नसलेला पाया, दोन फ्रेममधली पट्टी. ती उजवीकडे टोकाला टेकेल पण कापली जाणार नाही एवढं एक्सपोजर द्या. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे पाहा. रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी छटेमुळे, म्हणजे मास्कमुळे, लाल आधी भरतो, निळा मागे राहतो आणि त्याच्यातच नॉइज जमतो. स्लाइडला मात्र उजळ भाग वाचवा. सावल्या बुडत असतील तर दोन स्टॉप जास्त देऊन दुसरा फोटो घ्या आणि दोन्ही जोडा.

पहिला फोटो फिल्मशिवाय नुसत्या पॅनेलचा काढून ठेवा. कडांना प्रकाश कमी पडत असेल तर पुढे फ्रेमच्या फोटोला याने भागून प्रकाश सारखा करता येतो. १२० ची फ्रेम दोन किंवा चार भागांत, सुमारे ३० टक्के एकमेकांवर चढवून काढून जोडता येते.

निगेटिव्ह उलटवणं

नारिंगी मास्क म्हणजे डाग नव्हे. मजेंटा आणि निळसर-हिरव्या रंगद्रव्यांच्या शोषणातल्या उणिवा भरून काढायला फिल्म बनवतानाच घातलेले रंगीत घटक आहेत ते. फक्त रंग उलटे केले तर चित्र निळंशार येतं, म्हणून आधी मास्क वजा करावा लागतो.

डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'निगाडॉक्टर' मॉड्यूल आहे. व्हाइट बॅलन्स फिल्मशिवायच्या पॅनेलवर बसवा, फिल्मिकसारखं टोनचं दुसरं मॉड्यूल बंद ठेवा. निगाडॉक्टरमध्ये पिपेटने पायाचा रंग उचला, मग कमाल घनता, मग सावल्यांचा आणि उजळ भागांचा रंग, शेवटी कागदाचा ग्रेड आणि काळेपणा. क्रम बदलू नका, प्रत्येक पुढची स्लायडर मागच्यावर टेकलेली आहे. लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी निगेटिव्ह लॅब प्रो आहे, रॉथेरपीतही फिल्म निगेटिव्हचं साधन आहे.

गिम्पमध्ये हाताने करायचं असेल तर प्रतिमा १६ किंवा ३२ बिटमध्ये उघडा. पायाचा रंग पिपेटने घ्या, त्या रंगाने भरलेला नवा लेयर वर ठेवा आणि त्याचा मोड 'डिव्हाइड' करा. पाया पांढरा झाला पाहिजे. लेयर एकत्र करा आणि मग रंग उलटवा. आता पाया काळा असतो आणि रंग बहुतांश जागेवर येतात. पुढे लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे उघडून दोन्ही टोकांचे स्लायडर हिस्टोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटाला आणा. त्याआधी काळी चौकट आणि छिद्रांची कडा कापून टाका, नाहीतर हिस्टोग्राम त्यांचाच होतो. चित्र फिकट किंवा करकरीत वाटलं तर मधला स्लायडर हलवा. फिल्मची घनता प्रकाशाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढते, त्यामुळे साध्या उलटवण्याने टोन नैसर्गिक येत नाहीत. निगाडॉक्टर हे गणित घनतेतच करतो, म्हणून त्याचे टोन लवकर जमतात.

सूर्यास्त, समुद्र, दाट जंगल अशा एकरंगी फ्रेमला तीन चॅनेल वेगळे ताणले तर रंग खोटे होतात, सूर्यास्ताची लाली धुऊन निघते. अशा वेळी त्याच रोलवरची माणसं, इमारती, पांढरा कपडा असलेली फ्रेम आधी जुळवा आणि तीच सेटिंग इथे चिकटवा. एका रोलला एक पाया आणि एक धुलाई असते, म्हणून हे चालतं. सावल्या एका रंगाकडे आणि उजळ भाग दुसऱ्या रंगाकडे झुकत असतील तर फिल्म फिकट झाली आहे. तिथे व्हाइट बॅलन्सने भागत नाही, प्रत्येक चॅनेलला वक्र द्यावा लागतो.

स्लाइडचे रंग

जुन्या रंगीत स्लाइड लालसर होतात, कारण निळसर-हिरवं द्रव्य आधी उडतं. लेव्हल्समध्ये लाल चॅनेलचा काळा टोक-स्लायडर हिस्टोग्रामच्या सुरुवातीपर्यंत न्या, मग मधल्या स्लायडरने लाल थोडा खाली घ्या. काही माहिती उडालेलीच असते, त्यामुळे त्वचा खरी दिसेल इथवर पोहोचून थांबा. पूर्ण तटस्थ करण्याच्या नादात सावल्या हिरव्या होतात. कोडाक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर रंग फारच टिकतात, पण सामान्य सेटिंगवर ती निळसर स्कॅन होते.

उरलेले डाग

निगेटिव्हवरची धूळ उलटवल्यावर पांढरी दिसते, स्लाइडवरची काळी. पायावरचा ओरखडा निगेटिव्हमध्ये प्रकाश विखुरतो म्हणून तोही उलटवल्यावर पांढरा. इमल्शनच खरवडलं गेलं असेल तर तो काळा किंवा रंगीत येतो. या फरकाचा उपयोग करून घ्या. चित्राची प्रत वरच्या लेयरवर घ्या, तिच्यावर दोन-तीन पिक्सेल त्रिज्येचा धूळ-ओरखडे फिल्टर लावा आणि निगेटिव्ह असेल तर मोड 'डार्कन', स्लाइड असेल तर 'लाइटन' करा. आता पांढरा, किंवा स्लाइडवर काळा, ठिपकाच बदलतो, बाकीचा तपशील वाचतो. तरीही त्या लेयरला काळा लेयर-मास्क लावून फक्त डागांवर पांढऱ्या ब्रशने उघडा, सबंध चित्रावर फिल्टर सोडू नका.

मोठे डाग हीलिंग ब्रशने, १०० टक्के आकारात, वेगळ्या लेयरवर. ब्रश डागाच्या दीडपट रुंद, नमुना डागाच्या अगदी शेजारचा, त्याच ग्रेनचा. ठिगळाची सगळ्यात मोठी खूण हीच: तिथे ग्रेन नाहीसं होतं. ब्लर करून झाकलेला डाग प्रिंटवर लगेच ओळखू येतो. कडेजवळ हीलिंगने रंग ओघळतो, तिथे क्लोन वापरा. लांब सरळ ओरखड्यासाठी एका टोकाला क्लिक करून शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाला क्लिक करा. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने जा, म्हणजे कोपरा सुटत नाही. चेहरा आणि आकाश आधी, गवत आणि गर्दी शेवटी, तिथले बरेच ठिपके दिसतही नाहीत.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, छपाई किंवा पडद्याच्या आकाराला आणल्यावर, ०.८ ते १.२ पिक्सेल त्रिज्येचं.

फाइल आणि फिल्म दोन्ही जपा

कच्चा स्कॅन म्हणजे न उलटवलेली, न पुसलेली १६ बिट टिफ किंवा रॉ, जशीच्या तशी ठेवा आणि काम प्रतीवर करा. उलटवण्याची साधनं सुधारत राहतात. टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावू नका, १६ बिटमध्ये त्याने फाइल उलट मोठी होऊ शकते. झिप निवडा. नावं वर्ष_रोल०४_फ्रेम१२ अशी, शून्यासह, म्हणजे क्रम बिघडत नाही. स्कॅनर तारीख स्कॅनिंगची नोंदवतो, म्हणून एक्झिफटूल या फाइलमधली माहिती बदलणाऱ्या साधनाने 'फोटो काढल्याची तारीख' बदला, आणि चित्रातल्या माणसांची नावं वर्णनाच्या रकान्यात भरा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

फिल्म पीव्हीसीच्या पारदर्शक पानांत ठेवू नका, त्यातून निघणारी रसायनं इमल्शनला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पानं घ्या, थंड जागी, ३० ते ५० टक्के आर्द्रतेत. स्लीव्हवर फाइलच्या नावाचा तोच रोल क्रमांक पेन्सिलने लिहा आणि पान मिटण्याआधी त्या रोलची शेवटची फाइल उघडून पाहा, ती नीट लिहिली गेली आहे ना.